दोन सीटची गाडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

घरात सांगून टाकलं एकदाचं. जुनी स्पोर्ट्स गाडी घेणार. दोनच सीटची, छत उघडणारी!

आईचा पहिला प्रश्न – "मग मी कुठे बसू?" माझ्या शेजारी, म्हटलं. "आणि तुझे बाबा?" मामा जेवायला आलेलाच होता. म्हणाला, "आम्ही टपावर बसू!" त्यावर आई – "अरे, टपच नाही म्हणतेय ना ती!" सगळे इतके हसले की मीही हसले. पण या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मी, आणि चारचाकी घेणारीही पहिली मीच. पहिल्या गाडीत सगळं घर मावलं पाहिजे, असं कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

बाबा हात धुताना एवढंच म्हणाले – "बघू तरी. चालवल्याशिवाय गाडी कळत नाही."

६ फेब्रुवारी, गुरुवार

का हवी आहे, हे स्वतःला तरी नीट सांगावं.

बाबा ज्या कारखानदारांकडे ड्रायव्हर होते, त्यांच्या मुलीकडे अशी गाडी होती. बाबा ती धुवायचे आणि मी पाण्याचा पाइप धरायचे. गाडी इतकी बुटकी की आत बघायला मलाही वाकावं लागे. कधी बसले नाही. कुणी बस म्हटलं नाही, मी विचारलं नाही. एवढं कारण पुरेसं आहे का? माहीत नाही. दुसरं नाही माझ्याकडे.

कर्ज काढायचं नाही, हे नक्की. साठवलेत त्यातच बसवायची. विमा आणि टायर धरून.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन गाड्या पाहिल्या.

राखाडी – एका दंतवैद्यबाईंची. छताच्या कापडाला ठिगळ, डाव्या दारावर लांबलचक ओरखडा. बाईंनी आपणहून दोष दाखवायला घेतले, जणू गाडीच खुर्चीत आ वासून बसलीय – "हे किडलेलं आहे, हे मी भरून घेतलंय, हे मात्र अजून पुष्कळ वर्षं जाईल." क्लच नवा. पावतीसुद्धा काढून दाखवली. गाडी चांगली आहे. पण जीव काही जडला नाही.

लाल – जुन्या गाड्यांच्या दलालाकडची. हा माणूस दुकानाच्या आतही गॉगल लावून बसतो. पण लाल म्हणजे काय लाल! मी दारावर हात ठेवून उभी राहिले, तेवढ्यावरच गॉगलवाल्याला सगळं कळलं असणार. "मॅडम, ही तुमचीच वाट बघत होती." किंमत माझ्या कुवतीच्या अगदी काठावर. घासाघीस केली तर बसेल.

दिवसभर दुकानदारांचे वजनकाटे तपासत फिरणारी मी. कोण काट्यात काय करतो, ते मला चेहऱ्यावरून कळतं म्हणे. आज माझाच चेहरा आवरला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी लाल चालवून पाहिली. मी शेजारी.

त्यांचं चालवणं बघत राहावं असं. कारखानदार मागच्या सीटवर बसून कागदांवर सह्या करायचे. सही वाकडी गेली तर दोष बाबांचा! त्यामुळे उभ्या नोकरीत त्यांनी गाडीला धक्का म्हणून बसू दिला नाही. आजही तसंच. गिअर कधी पडला, कळलं नाही. बाजाराला वळसा घालून सपाट रस्त्याने अलगद परत आलो.

"लोणी आहे, लोणी!" उतरताना म्हणाले. "हीच घे, बाळ."

गॉगलवाल्याने त्यांना "उस्ताद" म्हटलं, तर चक्क लाजले. घरी येईपर्यंत जिन्यातल्या सगळ्यांना सांगून झालं – "मी पसंत केली." दोन सीटची गाडी म्हणजे काय, हे वरच्या मजल्यावरच्या आजींनासुद्धा समजावलं. आजी म्हणाल्या, "म्हणजे रिक्षापेक्षाही लहान?"

किती दिवसांनी त्यांना असं बोलताना ऐकलं! नोकरी सुटल्यापासून घरात नुसते पाहुण्यासारखे बसून असतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एका धान्यवाल्याचा काटा तपासला. हलक्या वजनांना अगदी बरोबर. पूर्ण भार ठेवला, तर घसरला. दुकानदार म्हणतो, "एवढं कोण घेतं, मॅडम?" आमचा नियमच आहे – काटा जेवढं पेलतो म्हणतो, तेवढं सगळं वर ठेवून बघायचं. हलक्यावर कुठलाही काटा खरा बोलतो.

त्याला नोटीस लिहिता लिहिता हात थांबला.

बाबांनी लाल गाडीवर भार टाकलाच नाही. त्यांना तो टाकताच येत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हाफ डे टाकून गेले. गॉगलवाला शेजारी, स्टिअरिंगवर मी. थेट टेकडीचा चढ गाठला आणि पाय दाबला. इंजिन ओरडलं – नुसतंच ओरडलं! गाडी आपली होती त्याच चालीने. पुन्हा दाबला. जळका वास. क्लच घसरतोय.

"मॅडम, इतकं कोण दाबतं?"

"स्पोर्ट्स गाडी घेणारा माणूस दाबतो."

"उस्तादांनी तर पास केली होती."

येताना गॅरेजमध्ये विचारलं. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तो आकडा किमतीत मिळवला तर लाल माझ्या आवाक्याबाहेर. संपलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांना कसं सांगू? त्यांची चूक झाली असती तर सांगितलं असतं. त्यांनी गाडी चांगली चालवली म्हणून दोष लपला! हे वाक्य मनात दहादा जुळवलं. प्रत्येक वेळी ते टोमण्यासारखंच वाटलं.

शेवटी जेवताना म्हटलं, "बाबा, लाल नको. पैशात बसत नाही."

"किती कमी पडतात?"

क्लचचा आकडा सांगितला. तो कशाचा, ते नाही सांगितलं.

"हं," म्हणाले, आणि भाकरी मोडत राहिले.

मी खोटं नाही बोलले. दुरुस्ती धरली तर नाहीच बसत. अर्धं बोलले, एवढंच. हे मी इथे लिहून काढतेय, म्हणजे मला ते खुपतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

दंतवैद्यबाईंना होकार कळवला. आईला राखाडी दाखवून आणली. आत बसायलाच तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. "खड्ड्यात बसल्यासारखं वाटतंय गं." मग छत उघडलं. जरा वेळाने म्हणते, "हं. बरं वाटतंय." परत येताना उतरायलाच तयार नाही! मामाने फोनवर विचारलं, "टप दिसला का?" आई म्हणाली, "तुझ्या डोक्यासारखाच आहे. मोकळा."

मलाही आवडायला लागली आहे. चढावर दाबून पाहिली. सुटली की पळत!

बाबा आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाबा सकाळपासून बाहेर. कुठे गेला होतात विचारलं, तर – "कामं असतात माणसाला." गुडघ्याचं नाव नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज राखाडीचा व्यवहार करायचा होता.

लाल गाडी खाली उभी आहे. बाबांनी आपल्या फंडातून गॉगलवाल्याला इसार दिला. कमी पडतात म्हणून मी जो आकडा सांगितला होता, बरोबर तेवढाच. तो परत मिळत नाही, तसं लिहूनच घेतलंय. गाडी आजच्या दिवसापुरती मागून आणलीय, मला बसवायला. "मी असताना पैशासाठी मन मारायचं नाही," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

खालून हाक मारतायत. आईने गॅलरीतून सांगितलं, नवा शर्ट घातलाय.

जाते. आधी क्लचचं सांगते, मग बसते.