पवन्या गवताचं बी

ती. बाबांना रविनाचा नमस्कार.

नगरच्या रोपवाटिकेत मी बरी हाय, जेवण वेळेवर मिळतं.

तुमी टोकावड्याहून धाडलेलं पवन्या गवताचं बी आधी उगवलंच नाय. मी खोल पुरलेलं. इथल्या सुमनताई म्हणाल्या, "अगं, वरच्यावर टाक, नुसती माती भुरभुर." परत पेरलं. आज अकराव्या दिवशी वाफ्यात हिरवे कोंब दिसले आणि मला रडू आलं.

गेल्या साली दरडीखाली गोठा न् आपली चांदी गाय गेली, तेव्हापासून तुमी त्या उतारावर गेलाच नाय, असं आई सांगते. गुडघ्याचं निमित्त मला पटत नाय. नीट जेवता ना?

आषाढात रोपं घेऊन येते. याची मुळं माती घट्ट धरतात. लावायला तुमी संगं चला. एकटीला तिथं मलापण भीती वाटते.

तुमची पोर,
रविना