हे तिकडे असतात

१९ जानेवारी

पुन्हा तारीख! न्यायाधीश रजेवर. मागच्या वेळी सरकारी वकील रजेवर होते. त्याच्या आधी प्रयोगशाळेचा अहवाल आला नव्हता — तो बहुतेक कायमचाच रजेवर आहे. सगळ्यांना रजा मिळते, फक्त माझ्या नवऱ्याला मिळत नाही.

घरी आले तर समोरच्या काकू दारात. "काय म्हणतात आमचे साहेब? तिकडे थंडी पडली असेल ना?" फार, म्हटलं. फरशीवर झोपतात, पडणारच — हे मनात.

२ फेब्रुवारी

हे खोटं माझं नव्हे, सासूबाईंचं! पोलिसांनी ह्यांना नेलं त्या आठवड्यात कोणीतरी विचारलं, "मुलगा दिसत नाही?" आणि बाई ठोकून मोकळ्या — "परदेशात नोकरी लागली!" तेव्हापासून घरात तुरुंग हा शब्दच नाही. 'तिकडे' म्हणायचं. तिकडून फोन आला, तिकडचं जेवण मानवत नाही. पोरीलाही तेच सांगितलंय. तिने शाळेत विमानाचं चित्र काढलं, खिडकीत बाबा. त्याला 'छान' असा शेरा मिळाला.

आज तर कमाल. सासूबाईंनी ह्यांना बढती दिली! "आता हाताखाली माणसं आहेत त्याच्या," काकूंना सांगत होत्या. मी आत भांडी घासतेय, हसू की रडू कळेना. तसं अगदी खोटंही नाही म्हणा. मागच्या भेटीत हे सांगत होते — तिथल्या स्वयंपाकघरात लावलंय, कांदे सोलायला माणसं दिलीत.

२१ फेब्रुवारी

वकिलांकडे जाऊन आले. त्यांनी पुन्हा समजावलं, "वहिनी, एरवी गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. ह्या अमली पदार्थांच्या कायद्यात तुमच्या मिस्टरांनी सिद्ध करायचं, की टेम्पोत काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं."

आता हे कसं करायचं? खोकी बंद, वर लिहिलेलं 'खेळणी'. ह्यांनी नेहमीचं भाडं म्हणून टेम्पोत चढवली, निघाले, नाक्यावर धरले गेले. एका खोक्यात गांजा निघाला. माहीत असतं तर त्याचा पुरावा तरी असता! माहीत नव्हतं ह्याचा कुठून आणू? ज्याचा माल त्याला अजून कोणी शोधलेलंही नाही. "चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हटलं. वकील हसले — "हेच लिहू का अर्जात?" लिहा की!

पार्लरला उशीर झालाच. एकीच्या भुवया कोरताना दोरा जरा खोल गेला, ती किंचाळली. मालकीणबाई सगळ्यांसमोर बोलल्या. मोरीत जाऊन पोटभर रडले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, या ताई, बसा.

५ मार्च

पोरगी म्हणते, बाबा फोनवर सारखे घाईत का असतात? म्हटलं, मागे रांग असते. खरंच असते.

१७ एप्रिल

जामीन!!! विश्वासच बसेना. वकिलांना दोनदा विचारलं.

अटी — पोलीस ठाण्यात हजेरी, शहर सोडायचं नाही, पुन्हा असल्या भानगडीत सापडलात तर जामीन रद्द. आणि पासपोर्ट कोर्टात जमा करायचा. पासपोर्ट! ह्या माणसाने विमान पाहिलं ते गच्चीवरून. मग मी शपथेवर लिहून दिलं, पासपोर्ट नाहीच, माझे पती आजवर कधीही परदेशात गेलेले नाहीत. सही करताना जे हसू फुटलं ते थांबेचना. वकील घाबरले. "वहिनी, पाणी देऊ का?"

सासूबाई पहिलं काय म्हणाल्या? "अगं, मग रिकाम्या हाताने कसा येईल तो? तिकडून येतोय ना!" आणि मग माझ्या गळ्यात पडून रडल्या.

२३ एप्रिल

आले! आले! आले!

सासूबाईंनी काकूंना सेंटची बाटली दिली, "तिकडची आहे." काकू हुंगून म्हणाल्या, "इकडच्याला ही सर नाही हो!" कोपऱ्यावरच्या दुकानातली बाटली ती. केवढे वाळलेत हे! काकूंच्या मते परदेशात खाण्याचे हालच. पोरगी मांडीवरून उतरायला तयार नाही. मी उगाचच पाच वेळा चहा केला. घर भरल्यासारखं वाटतंय. आता काही नको मला.

२९ एप्रिल

काकू — "रजा किती? परत कधी?" हे म्हणाले, "बोलावतील तेव्हा." खटला उभा राहायचाय अजून. घरात एकटे हेच खरं बोलतात!

६ मे

ह्यांचं काही कळत नाही. दिवसभर घाम, हात थरथरतात, पोरीवर ओरडले — ती सकाळपासून माझ्या मागे लपतेय. संध्याकाळी पाय मोकळे करायला जातात, येतात तेव्हा एकदम शांत, हसरे. सासूबाई म्हणतात, हवापालट झालाय, होईल ठीक. फिरून बरं वाटत असेल तर फिरू देत.

९ मे

धुण्याआधी शर्टाचा खिसा चाचपला. कागदाची पुडी, आत मातकट भुकटी. ह्यांच्यासमोर धरली.

"आत झोप लागत नव्हती गं," म्हणाले. "बाजूच्याने दिली. तिथे मागेल ते मिळतं."

ह्या माणसाने साधी विडी ओढली नव्हती कधी!

पुडी मोरीत रिकामी केली, वरून बादलीभर पाणी ओतलं. हे माझ्याकडे बघत नव्हते. मोरीकडे बघत होते.