शेकलेली भुई

प्रिय भाऊ,

तुला पत्र लिहितोय खरा, पण तुला कुठं वाचता येत होतं? वरोऱ्याला कापसाच्या जिनात कारकून झालो तेव्हा घरी चिठ्ठी धाडायचो, ती शाळेचे गुरुजी चावडीवर मोठ्यानं वाचायचे आणि तू मान डोलवत ऐकायचास. हे पत्र चावडीवर वाचण्यासारखं नाही. कुणीच वाचू नये असं आहे.

आज सकाळी वहिनींनी सारवायला म्हणून धान साठवायची ढोली सरकवली आणि मागं भिंतीशी तुझी घोंगडी सापडली. काळी, जाड, एका कोपऱ्याला ठिणगीनं भोक पडलेली. म्हणून आज लिहायला बसलो.

वहिनी घोंगडी उराशी धरून मटकन खाली बसल्या. "पाहा ना भाऊजी, इथीच होती! मीच ठेवली असन. बोजा म्या बांधला अन् हेच घालाची इसरली. माह्या हातानं झालं हे सारं."

मी समोरच उभा होतो. "जाऊ द्या वहिनी," म्हणालो आणि बादली घेऊन विहिरीवर निघून गेलो. पाणी घरात भरलेलं होतं, तरी गेलो.

भाऊ, ती घोंगडी मी काढून ठेवली होती. हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणालाही नाही.

तुला आठवतं, आपण किती हिवाळे बाईकडे, आपल्या बहिणीच्या घरी, नवे तांदूळ घेऊन गेलो? धान निघालं, कांडून झालं, की भावांनी ते खांद्यावर घालून बहिणीच्या दारात पोचवायचे, बैलगाडीनं पाठवायचे नाहीत, ही आपल्या बाबांपासूनची रीत. जंगलातून दोन दिवसांची वाट, मधे नाल्याकाठी एक मुक्काम. तुझ्या कावडीला एकीकडे तांदूळ, दुसरीकडे पोहे, भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणि वरून ही घोंगडी. तुझी कावड चालताना कुरकुरायची आणि मी मागून चिडवायचो, "भाऊ, तुही कावड तर तुह्यापेक्षा जास्त बोलते!"

आणि तो मुक्काम! तू वाळूत माणसाच्या लांबीचा जाळ करायचास. त्याच्याशी बसून आपण भात आणि सुकलेल्या मासोळीची चटणी खायचो. मग निखारे बाजूला ओढून त्या तापल्या भुईवर सागाची पानं अंथरायचास, वर घोंगडी. पाठ सकाळपर्यंत ऊबदार राहायची. पौषातही मला तिथं कधी थंडी वाजल्याचं आठवत नाही.

मग मी शहाणा झालो. नागपूरच्या बाजारात लढाईतला उरलेला माल विकायला यायचा. तिथून पाठीवरची कॅनव्हासची पिशवी आणली, पट्टे-बकलं लावलेली. खाली अंथरायला रबरी कापड आणलं आणि एक हलकी कांबळ. तू अंगणात पिशवीभोवती दोनदा फिरलास. "घोड्याचं खोगीर आनलं काय रे लहान्या?" म्हणालास. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मला राग आला. तुम्हाला नवं काही कळतच नाही, असं मी म्हणालो. कोण कुणाला म्हणत होतं!

तरी तू माझं मन राखलंस. कावड आढ्याला टांगलीस आणि तांदूळ पिशवीत भरू दिलेस. वहिनींनी वरून घोंगडी बांधली. तुम्ही दोघं देवापुढं गेलात तेवढ्यात मी ती सोडून ढोलीमागं सारली आणि तिच्या जागी रबरी कापड गुंडाळून बांधलं. अर्धा बोजा तर तिचाच होता! मुक्कामाला पोचल्यावर सांगून तुझी गंमत करायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

खरं सांगतो, पिशवी वाईट नव्हती. चढावर तुझे दोन्ही हात मोकळे राहिले. "हे मात्र बरं हाये," असं तू आपणहून म्हणालास. मला केवढा आनंद झाला होता! ते तुझं एक वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

मुक्कामाला तू नेहमीसारखा जाळ केलास, निखारे ओढलेस, पानं अंथरलीस. मी ऐटीत वर रबरी कापड पसरलं. तू कोपरा चाचपलास. तो मऊ पडून पानाला चिकटत होता, जळका वास येत होता.

"अरे, तुहा नवा कपडा जळन ना!" म्हणालास आणि ते घाईघाईनं उचलून चार हात लांब, थंड वाळूवर अंथरलंस.

शेकलेली भुई तिथंच राहिली, भाऊ. चार हातांवर! मी का नाही म्हणालो, जळू दे ते कापड? उलट तुला सांगत बसलो, की यातून ओल वर येतच नाही, गोरे शिपाई यावरच झोपायचे. ओल अडली असेल. गारठा कुठं अडतो?

मग तू घोंगडी शोधलीस. मी हसत हसत सांगितलं. तू रागावलास का? नाही. "बरं, असू दे," एवढंच म्हणालास आणि कांबळ माझ्याकडे सरकवलीस. मी ती घेतली. तू धाकटा असतास तर मी ती अशी तुझ्याकडे सरकवली असती का, कोण जाणे.

सकाळी तुझे ओठ निळे होते, धोतर दवानं ओलं झालेलं. तरी बोजा तूच उचललास. बाईच्या दारात पोचलास तो तापानं फणफणत. बाईनं पहिलंच विचारलं, "भाऊ, घोंगडी कुठी हाये तुही?"

"घरीच इसरलो," तू म्हणालास. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

चौथ्या दिवशी तू गेलास.

भाऊ, रागावू नकोस, पण विचारतो. मला वाचवायला तू खोटं बोललास, ते ओझं कुणावर पडेल हे तुला सुचलं नाही का? बोजा बांधणारी घरात एकच होती. वर्ष झालं, वहिनी तोच बोजा मनात पुन्हा पुन्हा बांधताहेत. आणि मी? मी त्यांच्या हातचं जेवतो आणि गप्प बसतो. तू निदान माझ्या मायेनं खोटं बोललास. मी भित्रेपणापायी खरं सांगत नाही.

उद्या बाईकडे तांदूळ न्यायचे आहेत. वहिनींनी आढ्याची कावड उतरवली, झटकली, भरली. वरून घोंगडी घडी करून ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, यंदा म्या इसरली नाई. तुमी इसरू नोका."



तर भाऊ, तुला वचन देतो. उद्या कावडीला हात लावण्याआधी वहिनींपुढं बसून सगळं सांगीन. ढोलीमागं हात कुणाचा गेला तेही, आणि तू कुणासाठी खोटं बोललास तेही. त्यानंतर त्यांनी घोंगडी स्वतःच्या हातानं दिली तर नेईन. नाही दिली तर तशीच घरी राहील, ती त्यांची आहे. पण नाल्याकाठी जाळ करीन तो दोन माणसांच्या रुंदीचा. निखारे ओढीन, पानं अंथरीन आणि शेकलेल्या भुईवर तुझी बाजू मोकळी ठेवीन.

तुझाच,
लहान्या