अप्पांची धून आणि खरखर

अमर,

तू नांदेडहून पोचशील तेव्हा मी आणि अप्पा घरी नसू. लातूरला कानाच्या डॉक्टरकडे चाललोय. वरण-भात कुकरमध्ये आहे.

तू लॅपटॉपवर ते जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारं इम्युलेटर टाकून अप्पांचा जुना कॉम्प्युटर पुन्हा चालू करून दिलास ना, त्यावर परवा आम्ही धून लावली. अहमदपूरच्या त्यांच्या क्लासमधल्या मुलांसाठी त्यांनी तेव्हा बनवलेली. आवाज फाटून येत होता. तू फोनवर सांगितलंस तसा मी सेटिंगमधला साउंड बफर वाढवला, बाकीचे प्रोग्राम बंद केले. मला आवाज स्वच्छ यायला लागला, पण अप्पा म्हणाले, "अजून खरखर हाय. नीट बघ की." दोन दिवस मी सेटिंगच बदलत राहिले. काल तर त्यांच्यावर चिडलेही.

आज सकाळी त्यांना हेडफोन लावून दिला. म्हणाले, "डावीकडून काहीच येईना." हेडफोन उलटा घातला, तरी डावीकडूनच येईना. मग मीच गडबडले. लॅपटॉप बंद केला, तर म्हणाले, "खरखर चालूच हाय." कधीपासून, ते त्यांनाही सांगता येईना.

अव्वा संध्याकाळी तिच्या माहेराहून, उदगीरहून येईल. तिला काय सांगायचं ते तूच बघ. मलाच अजून नीट कळलेलं नाही.

लॅपटॉप सोबत नेतेय. अप्पा म्हणाले, "डॉक्टरला धून ऐकवू, मंजी त्यालाबी कळंल कुठं बिघडलंय." मी हाव म्हणलं.

शिवकन्याताई