माझ्या जठराचा तुकडा आणि नापास वर्ग

ती. ताई,

धाकट्याचा कमरेत वाकवेल तेवढा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? गोळ्या घेतेस ना, की नुसत्या उशाशी मांडून ठेवतेस? फोन केला की तू रडायलाच लागतेस, मला बोलू देत नाहीस, आणि भाऊजींनी तुला अर्धवट काहीतरी सांगितलं असणारच, म्हणून हे पत्र. पहिली बातमी, मी मरत नाहीये. दुसरी, तुझे यजमान अजून इथेच आहेत. यातली आनंदाची कुठली ते तू ठरव.

झालं असं की पोटात जळजळ व्हायची म्हणून डॉक्टरांनी घशातून नळी घातली (तू जेवणाच्या टेबलावर पत्रं वाचतेस, म्हणून वर्णन करत नाही) आणि दोन तुकडे काढले. एक जठराच्या अस्तराचा, एक त्याच्या पुढच्या आतड्याचा. दोन बाटल्या, दोन चिठ्ठ्या. शहाण्या माणसाने रिपोर्टची वाट बघावी. पण जन्मभर काचपट्टीवर आतडी बघून ज्याने घर चालवलं त्याला कुठला दम निघतोय? तपासणाऱ्या मित्राच्या मागे लागून 'जठर' लिहिलेली काचपट्टी मी आधीच मागून आणली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला दरदरून घाम फुटला. जठराच्या अस्तरात पेल्यासारख्या पेशी! ताई, त्या पेशी आतड्याच्या. जठरात त्यांना काही काम नाही. तिथे त्या दिसल्या म्हणजे जठर आपली चाल सोडून आतडं व्हायला लागलंय, आणि ते लक्षण बरं नव्हे. काच थोडी सरकवली तर बोटांसारखे बारीक उंचवटे, तेही आतड्याचेच. म्हणजे रोग केवढा पुढे गेलेला! (कुणीही साधा माणूस म्हणाला असता, अहो, मग हे आतडंच असेल. पण मी पडलो प्राध्यापक. मला इतकं सोपं कसं सुचणार?)

मग मी मरायच्या तयारीला लागलो. शेजाऱ्याची शिडी परत केली. बायकोला कपाटाच्या किल्ल्या सोपवायला गेलो, तर त्या कायम तिच्याच पर्समध्ये असतात असं कळलं. आणि भाऊजींना फोन केला. आमचा अबोला कशावरून होता ते तू जाणतेसच. भर लग्नाच्या जेवणात त्यांनी 'हे आतड्यांचे काप बघतात' अशी माझी ओळख करून दिली, आणि शेजारचे दोघे ताट ठेवून उठले. पण थोड्या दिवसांच्या सोबत्याने कसला राग धरायचा? मी गहिवरून म्हणालो, "झालं गेलं विसरा, या, आणि मी आहे तोवर इथेच राहा." त्याच संध्याकाळी हजर! बॅग बघूनच मला शंका यायला हवी होती. मरणाऱ्याला भेटायला कोणी इस्त्री घेऊन येतं का गं?

जाता जाता विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून मी तीच काचपट्टी प्रात्यक्षिक परीक्षेत ठेवली. अवयव ओळखा. सगळ्या वर्गाने लिहिलं, ड्युओडिनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग. मी डोळे पुसत सगळ्यांना शून्य दिलं, आणि या पिढीचं कसं व्हायचं म्हणून हळहळलो. मुलं तडक विभागप्रमुख बाईंकडे. बाईंनी मला बोलावलं, भिंगाला डोळा लावला आणि म्हणाल्या, "सर, अस्तराखाली ब्रुनर ग्रंथींचे घोसच्या घोस आहेत. हे ड्युओडिनम नाही तर काय?" ब्रुनर ग्रंथी म्हणजे ड्युओडिनमची हुकमी खूण, हे दर वर्षी मीच टेबलावर हात आपटून शिकवतो! चिठ्ठीवर विसंबू नका, डोळ्यांवर विसंबा, हेही मीच. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. खरं जठर दुसऱ्या काचेवर निघालं, जरासं सुजलेलं, बाकी ठणठणीत. वर्ग पास झाला आणि मी नापास.

आता राहिले भाऊजी. "तुम्ही आहात तोवर राहा म्हणालात, आणि तुम्ही तर आहात," असं म्हणून त्यांनी माझ्या खुर्चीत बस्तान मांडलंय. माझं तिखट बंद, कॉफी बंद. घास नीट चावला नाही तर समोरून टेबल वाजवतात. वर आल्यागेल्याला (दूधवाल्यालासुद्धा) पेल्यासारख्या पेशी समजावून सांगतात, त्याही चुकीच्या. आणि माझी बायको म्हणते, किती छान सांगतात! मला इतक्या वर्षांच्या संसारात हे एकदाही ऐकायला मिळालेलं नाही.

बाकी क्षेम. भाचीला आशीर्वाद.

तुझा, अजून असलेला,
धाकटा

ता. क. खरं तर पत्र एवढ्याचसाठी. भाऊजींना बोलावून घे. छताला ओल आली, भिंत खचली, काय वाटेल ते कळव. फक्त पोट दुखतंय म्हणू नकोस, नाहीतर तुझ्या तपासणीसाठी ते मलाही सोबत घेऊन निघतील.

ता. क. २. बाईंकडून परतलो त्याच संध्याकाळी, आतडं जठराच्या नावावर खपल्याचं मी घरी हसत हसत सांगितलं होतं. बायको हसली. भाऊजी "गाढव आहात" एवढंच म्हणाले, बाथरूममध्ये गेले आणि नळ मोठा सोडला. तरी रडणं बाहेर ऐकू आलं. मला फार वाईट वाटलं गं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. तेव्हा लगेच नको बोलावूस. इथे थंडी पडायला लागलीये, त्यांचा स्वेटर पाठवून दे.