दगडावरचं एकोणीस

नॉर्डलँड, मिनेसोटा
१४ मे

प्रिय कर्स्टन,

आजीला शनिवारी माती दिली. गेली जानेवारीत, पण इथली जमीन मेपर्यंत कुदळीला दाद देत नाही, हे सिएटलमध्ये राहून तू विसरली असशील. तोवर ती दफनभूमीच्या थंड खोलीत थांबली. कुणासाठी इतकं थांबलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. नंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि कॉफी; कॉफी नेहमीसारखी पातळ. पाद्रीबाई आजीला ‘शांत स्वभावाची’ म्हणाल्या, तेव्हा तुझ्या नॉर्ममामाला खोकल्याची उबळ आली.

तुझ्या बाबांना जाऊन वर्ष झालं, त्यांच्या थडग्याचा दगडही त्याच दिवशी बसला. मामाने पाठवलेला फोटो पाहून तू फोनवर रागावलीस: त्यांचं एकट्याचंच नाव का, शेजारी तुझं का नाही, लोक काय म्हणतील? लोक म्हणताहेतच. पण उत्तर आजीपासून सुरू होतं, आणि ते फोनवर मावलं नसतं.

पंचाहत्तर साली आजोबा गेले तेव्हा आजी सत्तेचाळीसची होती. आपल्याकडच्या रीतीने दगड जोडीचा घेतला, आणि एका खेपेत काम उरकावं म्हणून दगडवाल्याने तिचंही नाव कोरून टाकलं. बोर्गहिल्ड, जन्म १९२८, पुढे रेघ, आणि मृत्यूच्या जागी ‘१९’. उरलेले दोन आकडे तिने सवडीने पुरवायचे होते. दर मे महिन्यात आम्ही तिथे जिरेनियम लावायला जायचो. ती स्वतःचं नाव ब्रशने घासायची आणि म्हणायची, “बघ मार्लिस, जागा धरून ठेवलीय. न जाऊन सांगते कुणाला?” दोन हजार साल उजाडलं त्या सकाळी मामाने तिला चिडवलं, “आई, मुदत संपली की गं तुझी.” तिने लेफ्साच्या पोळीवर लोणी फासत सांगितलं, “दगड खोटा पडला, त्याला मी काय करू? कॉफी घे.”

ऑर्विल तुला आठवत असेल, आपल्या पलीकडच्या शेतात साखरेचं बीट पिकवणारा. दर रविवारी कॉफीला यायचा, टोपी गुडघ्यावर ठेवून हवामानावर बोलायचा आणि जायचा. तो लांबचा नातेवाईक आहे अशी तुझी समजूत होती. नातेवाईक नव्हता. आजोबांनंतर काही वर्षांनी त्याने आजीला लग्नाचं विचारलं होतं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी बटाटे सोलता सोलता तिने मला हे सांगितलं, बीटाचा भाव सांगावा तशा आवाजात. “मी म्हटलं, ऑर्विल, माझं नाव कोरून झालंय. मी कुणाशेजारी झोपणार ते अख्ख्या गावाने वाचलंय.”

“मग तो काय म्हणाला?”

“म्हणाला, बरं. पुढच्या रविवारी येऊ ना?” मग सोललेला बटाटा पाण्यात टाकत ती म्हणाली, “येडीच होते गं मी. दगडाला घाबरले.”

आता ते ‘१९’ बुजवून त्यावर खरं साल कोरलंय. ऊन तिरपं पडलं की बुजवलेलं दिसतं. शनिवारी ऑर्विल सगळ्यांच्या मागे उभा होता, काठीवर भार टाकून. मी त्याला दंडाला धरून पुढे आणला आणि घरच्यांच्या रांगेत माझ्याशेजारी उभा केला. चारदोन काकू कुजबुजल्या. पातळ कॉफीबरोबर त्यांना काहीतरी हवंच असतं.

दगडवाला निघताना मला म्हणाला, “बाई, आलोच आहे तर डुएनशेजारी तुमचंही नाव घालून देऊ?” मी नको म्हटलं. तुझ्या बाबांवर माझा जीव नव्हता असं समजू नकोस. इतकी वर्षं त्यांचं घोरणं जीव असल्याशिवाय ऐकवत नाही. पण हार्लन नावाचे एक गृहस्थ आहेत, पूर्वी शाळेची बस चालवायचे. मार्चपासून रविवारी कॉफीला येतात, टोपी गुडघ्यावर ठेवून बसतात. काल मी ती टोपी उचलली आणि दारामागच्या खुंटीला अडकवली. हे तुला काकूंच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. जूनमध्ये ये. तुझी खोली तुझीच आहे, फक्त कोट दुसरीकडे टांगावा लागेल.

तुझीच, अजून न कोरलेली,
आई