टेकडीचं पाणी आणि माझी खोली

२ जून
मुलगा म्हणाला, या पावसात मागच्या खोलीत पाणी शिरलं तर तुम्ही हॉलमध्ये झोपायचं, खोलीचं स्टोअर करणार. करणार म्हणे! टेकडीचं पाणी माझ्याच दारात उतरतं, यात माझा काय दोष? बंदोबस्त करतोच. उद्यापासून चहा एकच कप. डोकं शांत हवं.

३ जून
रद्दीत भूगोलाचं पुस्तक मिळालं. मी सातवी नापास, पण सगळं समजतं. खडक कठीण-मऊ असा पट्ट्यापट्ट्यांचा असला तर नद्या काटकोनात वळतात. सुळक्यावरून चारी दिशांना पळतात. सगळीकडे सारखाच असला तर झाडाच्या फांद्यांसारख्या दिसतात. टेकडी बघून आलो. सगळी सारखीच. म्हणजे आपली केस झाडाची. चहा तीन कप. अभ्यास होता.

५ जून
प्लॅन फायनल. दारापासून वर एक मोठा चर, म्हणजे बुंधा. वर त्याला डावी-उजवीकडे फांद्या. दारातलं पाणी बुंध्यातून चढणार आणि फांद्यांत वाटलं जाणार. झाडात चढतंच की! कोणाला सांगायचं नाही. लोक आयडिया ढापतात.

९ जून
खणून झालं. कंबर कामातून गेली. सूनबाई बघून म्हणाली, बाबा, अहो उपनद्या नदीला पाणी आणून देतात, घेऊन जात नाहीत. मी म्हटलं, तुझं बी.कॉम. ना? मग भूगोल माझ्याकडे राहू दे. ती हसली आणि माझा कप घेऊन गेली. अर्धा भरलेला होता.

११ जून, दुपारी ३
ढग. चर हुबेहूब चित्रासारखे.

३.४०
पाऊस. फांद्या भरल्या. प्लॅन पास!

४
पाणी बुंध्यात उतरतंय. सुरुवातीला असंच होत असावं.

४.२०
खाटेवर उभा राहून लिहितोय. शेजाऱ्याच्या परसातलं पाणीही माझ्याकडेच आलं. तो कुंपणावरून ओरडला, काका, थँक यू हं, यंदा आम्ही कोरडे! एक चप्पल वाहत गेली. पुस्तकात छपाईची चूक असणार.

१२ जून
हॉल. मुलाने गादी आणि रेडिओ मुकाट्याने उचलून आणला. बोलला असता तर भांडलो तरी असतो. दिवाणाला टीपॉय अगदी चिकटून ठेवलाय. बाथरूमला जायचं तर या कंबरेने तो मला सरकत नाही, कोणाकडून तरी सरकवून घ्यावा लागेल. हाक मारावी लागेल.
सकाळपासून मारलेली नाही.